भंडारा आणि काच: लेन्स साफ करायचं किट, वर्षभर वापरल्यानंतर

चंपाषष्ठीला आमच्या सोलापुरातल्या बाळे गावच्या खंडोबाला फोटो काढायला जायचं, तर कॅमेऱ्यावर भंडारा येणार हे धरूनच घरातून निघावं लागतं. मागच्या यात्रेत मी एका वाघ्याच्या अगदी समोर उभी होते, हातभर अंतरावर. त्याने मूठ उधळली आणि व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं पिवळं झालं. तो फोटो सुरेख आला. पण पुढचा चुकू नये म्हणून घाईत मी ओढणीच्या टोकाने काच पुसली.

घरी आल्यावर टॉर्च तिरका धरून पाहिलं, तेव्हा पोटात धस्स झालं. कडेजवळ केसासारख्या बारीक चार-पाच रेघा, ओढणी फिरली तशाच गोल. काचेवरच्या कोटिंगची, म्हणजे चमक कमी करणाऱ्या पातळ थराची, जांभळट-हिरवी झाक तेवढ्या जागी तुटलेली. हळद मऊ असते हो, पण यात्रेतल्या भंडाऱ्यात पायाखालची माती मिसळलेली असते, आणि मातीत वाळूचे कण. ते काचेवर घासले की कोटिंग जातं. दिवसाच्या फोटोत त्या रेघा दिसतही नाहीत. समोर दिवे आले, की उजेड तिथे पसरतो आणि फोटो धुरकट होतो.

त्याच आठवड्यात नवी पेठेतल्या एका दुकानातून हे किट आणलं. रबरी ब्लोअर, लेन्सपेन, मायक्रोफायबरचं कापड आणि द्रावणाची छोटी बाटली, सगळं मिळून हजाराच्या आत. वर्षभर वापरून लिहिते आहे.

ब्लोअरसाठीच हे किट घ्यावं. रॉकेटच्या आकाराचा आहे, टेबलावर उभा राहतो, मुठीत नीट बसतो. महत्त्वाची गोष्ट त्याच्या बुडाशी आहे: हवा आत घ्यायची झडप तिथे आहे. त्यामुळे दाब सोडल्यावर नळीतून धूळ आत ओढली जात नाही, आणि पुढच्या दाबाला तीच धूळ काचेवर परत येत नाही. आमच्या अण्णांचा स्टुडिओ होता तेव्हा ते मेडिकलमधून कान धुवायचा रबरी फुगा आणायचे. त्याला एकच तोंड. नव्या फुग्यात आतून पावडर असायची, म्हणून आधी धुवून चार दिवस वाळवायचे. "तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते," हे मी त्यांच्याकडून शाळेत असल्यापासून ऐकलंय. हा ब्लोअर हातात घेऊन त्यांनी झडपेवर बोट ठेवून पाहिलं आणि म्हणाले, "हे आम्हाला तेव्हा पाहिजे होतं."

लेन्स खाली तोंड करून धरायची आणि आठ-दहा वेळा जोरात दाबायचं. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानावरून आल्यावर बहुतेक वेळा एवढ्यानेच काच स्वच्छ होते, दुसरं काही लागतच नाही.

लेन्सपेन चांगला आहे, पण तो कशासाठी आहे हे कळलं पाहिजे. एका टोकाला आत-बाहेर सरकणारा ब्रश, दुसऱ्या टोकाला कार्बन लावलेली मऊ गादी. बोटाचा ठसा किंवा नाकाचं तेल लागलं तर गादी मधून बाहेर गोल फिरवत न्यायची, ठसा खरोखर निघतो. मात्र धूळ असताना ती गादी फिरवणं म्हणजे माझी ओढणीच परत. ब्रशला बोट लावू नका. बोटाचं तेल केसांना लागलं की ते काचेवर जातं.

बाटली मला अजिबात आवडली नाही. आत काय आहे ते लेबलवर लिहिलेलं नाही, आणि पुसल्यावर काचेवर इंद्रधनुष्यासारखा पापुद्रा राहतो. मी ती वापरत नाही. लेन्ससाठीचं चांगलं द्रावण मिळालं तरी थेंब कापडावर टाकायचा, काचेवर कधीच नाही. काचेवर टाकला की तो कडेच्या रिंगमधून आत उतरतो. आणि भंडाऱ्यावर ओलं कापड तर मुळीच नको. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, नुसता पसरतो.

कापड छान मऊ आहे, पण किटमध्ये एकच आहे, निदान तीन हवीत. पिवळं झालेलं कापड मी कपड्यांच्या साबणाने धुतलं तर ते लालभडक झालं, हळदीचं साबणाशी होतं तेच. आता ते ट्रायपॉडचे पाय पुसायला ठेवलंय. आईने जुन्या सुती साडीचा तुकडा पुढे केला, "अगं, किती मऊ आहे बघ." मऊ आहे खरं, पण सुती धाग्याची बारीक लव सुटते आणि काचेवर बसते.

किटमध्ये नसलेली एक वस्तू मी वेगळी घेतली, यूव्ही फिल्टर. भंडाऱ्याच्या वेळी तो लेन्सवर चढवते. ओरखडा पडलाच तर फिल्टरवर पडेल. सिद्धेश्वर यात्रेत शोभेच्या दारूकामाला मात्र काढून ठेवते, कारण रात्री उजेडाचे भुताटकीसारखे ठिपके फिल्टरमुळे जास्त येतात.

पावसाळ्यात हे सगळं सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात असतं. अण्णांची एक जुनी लेन्स चामड्याच्या केसमध्ये राहिली आणि आतून बुरशीने खाल्ली. कोळ्याच्या जाळ्यासारखी ती नक्षी काचेतच उतरलीय. ती कुठल्याच पेनाने निघायची नाही, पण अण्णांनी लेन्स टाकलेली नाही. रविवारी माझा ब्लोअर मागून घेतात आणि तिच्यावरची धूळ उडवतात.