तुळईत दडवलेले काळे स्क्रू

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या बाजूला ज्यांची जुनी सागवानी घरं अजून उभी आहेत, त्यांनी हे जरूर वाचावं.

आमच्या माडीच्या तुळया खांबांना खाच पाडून, लाकडी खुंट्या ठोकून बसवलेल्या. खुंट्या सैल झाल्या होत्या. पोरं धावली की माडी हलायची. ठेकेदार म्हणाला, "काका, काही पाडायचं नाही. ८ मिलिमीटर जाड, २४० मिलिमीटर लांब, पूर्ण आट्यांचे स्क्रू तिरपे मारतो."

उपाय अगदी खरा आहे, म्हणूनच शंका येत नाही. सरळ आडव्या स्क्रूवर भार आला की तो वाकतो आणि सांधा ढिला पडतो. ४५ अंशांत मारलेल्या स्क्रूवर ताण त्याच्या लांबीत येतो, आटे दोन्ही लाकडांना घट्ट धरतात. सागात आधी ५ मिलिमीटरचं भोक पाडावं लागतं, हेही त्याने बरोबर सांगितलं. नमुनाही दाखवला: पिवळसर, जड, माथ्यावर चांदणीसारखी खाच.

लाकडात गेले ते जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू! तीन इंची, जेमतेम साडेतीन मिलिमीटर जाड. बिल अर्थातच नमुन्याचं. माथे खोल बुडवले, वर भुसा आणि फेविकॉल कालवून भोकं बुजवली आणि पॉलिश मारलं. पॉलिश मात्र सुंदर होतं, ते कबूल केलं पाहिजे.

पावसाळ्यात एक बूच गळालं आणि मागोमाग स्क्रूचा तुटका माथा. हे स्क्रू कडक असतात, पण ठिसूळ. वाकायच्या आधीच मोडतात, दमट हवेत गंजतात ते वेगळंच. जाब विचारला तर म्हणे, "लाकूडच जुनं." पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिलेल्या सागावर खापर! नंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं.

असं काम काढणार असाल तर बंद खोकी स्वतःसमोर फोडून घ्या. पाडलेल्या भोकात तार घालून खोली मोजा. भोकं बुजवण्याआधी प्रत्येक माथ्याचा फोटो काढा, आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या. पॉलिशवाल्याला तोवर दारात उभंसुद्धा करू नका.

आमच्याकडे सध्या तुळयांखाली टेकू आहेत. मोडलेले तुकडे आत अडकलेत, त्यावर ड्रिल चालत नाही. नवे स्क्रू बाजूला सरकवून मारावे लागणार, आणि तिथे लाकूड पुरेसं आहे का, ते नवा मिस्त्री तपासतोय.