‘लेव्हायथन’ की ‘मॉर्टल इंजिन्स’?

स्टीमपंकची (वाफेच्या यंत्रयुगावर बेतलेल्या कल्पित जगांच्या कथांची) गोडी लागलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती आधी कोणतं पुस्तक द्यावं?

स्कॉट वेस्टरफेल्डची ‘लेव्हायथन’ (२००९) पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर सुरू होते. जर्मन-ऑस्ट्रियन बाजूकडे पायांवर चालणारी लोखंडी युद्धयंत्रं आहेत, तर ब्रिटिशांकडे जिवंत प्राण्यांपासून घडवलेली शस्त्रं. देवमाशाचं उडतं जहाजसुद्धा! सारायेव्होत आई-वडिलांची हत्या झाल्याने पोरका झालेला ऑस्ट्रियन राजपुत्र अ‍ॅलेक आणि मुलाच्या वेशात हवाईदलात शिरलेली डेरिन, दोघंही लगेच आपलीशी वाटतात. कीथ थॉम्प्सनची चित्रं तर बघत राहावीत अशी. वाचनाचा कंटाळा असणाऱ्यांना हेच द्या.

माझा जीव मात्र फिलिप रीव्हच्या ‘मॉर्टल इंजिन्स’मध्ये (२००१) गुंतलाय. चाकांवरचं लंडन आटलेल्या उत्तर समुद्राच्या तळावरून धावतं, लहान गावांना गिळतं, त्यांचं भंगार करून स्वतः जगतं. तिथे राहणाऱ्या टॉम या मुलाला हे सगळं रास्तच वाटत असतं. त्याच शहराबाहेर फेकला गेल्यावर त्याला या सगळ्याची दुसरी बाजू दिसते. सोबतीला हेस्टर: चेहऱ्यावर भीषण व्रण, मनात सूड. लेखक तिला कुठेही गोड करत नाही, हे फार मोलाचं. आवडती पात्रं मरतात, म्हणून हळव्या वाचकाला थोडं उशिरा द्या.