दादरचा आलेपाक आणि पहिल्या तिमाहीतील मळमळ

गर्भारपणाच्या सहाव्या आठवड्यात मला मळमळ सुरू झाली आणि नवव्या आठवड्यापर्यंत ती इतकी वाढली की ठाणे ते दादर एवढा प्रवाससुद्धा एका दमात होईना. डब्यात कुणी मोगऱ्याचा गजरा माळून आले, तरी पोटात ढवळून येई. तेव्हा सासूबाईंनी रानडे रोडजवळच्या एका लहानशा दुकानातून आलेपाक, आवळासुपारी आणि साळीच्या लाह्या आणून दिल्या.

आलेपाक खरोखर उत्तम आहे. वडी कोरडी व खुसखुशीत असून किसलेल्या आल्याचा चोथा दाताखाली येतो आणि तिखटपणा घशापर्यंत जाणवतो. गाडीत चढण्यापूर्वी अर्धी वडी चघळली की मळमळ बरीच कमी होई. उलट्या मात्र फारशा कमी झाल्या नाहीत. आल्यावरील अभ्यासांतही साधारण असेच आढळले आहे. त्या अभ्यासांत बहुधा दिवसाला सुमारे 1 ग्रॅम सुंठपूड तीन-चार वेळा विभागून दिली जाते. या वेष्टनावर आल्याचे प्रमाणच नसल्याने आपण किती आले खातो ते कळत नाही. शिवाय वडीत साखर भरपूर असते, त्यामुळे रक्तातील साखर वाढलेली असल्यास हा उपाय योग्य नाही. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास डॉक्टरांना विचारूनच आले घ्यावे.

आवळासुपारीने तोंडाला चव आली, एवढेच. मात्र मुखवासाच्या काही मिश्रणांत खरी सुपारी असते आणि ती गरोदरपणी टाळायची असते, म्हणून विकत घेताना आवर्जून विचारावे.

सर्वांत स्वस्त असलेल्या लाह्यांनी मला सर्वाधिक आधार दिला. डबा उशाशी ठेवून, सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मूठभर लाह्या सावकाश खाल्ल्या आणि मग दहा-पंधरा मिनिटे पडून राहिले, की रिकाम्या पोटी येणाऱ्या कोरड्या उलट्या टळत.

पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी व गडद होत असेल किंवा वजन घटत असेल, तर यांपैकी कशावरही विसंबून न राहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मलाही पुढे डॉक्टरांनी ब-6 जीवनसत्त्वाची गोळी दिली आणि तिच्या जोडीने आलेपाक चालू ठेवण्यास हरकत घेतली नाही. चौदाव्या आठवड्यात मळमळ ओसरली. लाह्यांचा डबा अजून उशाशीच आहे.