फोंड्यातलं एक सीए ऑफिस, आणि माझे 183 दिवस

आधीच सांगते, ऑफिसचं नाव लिहिणार नाहीये. सीए लोकांना जाहिरात चालत नाही आणि मॅडमनी मला हसत हसत पण नीट बजावलंय की स्टार-बिर देऊन नाव कुठे टाकू नकोस. गोव्यातलं फोंडा, तिस्कपासून चालत पाच मिनिटं, पहिला मजला, खाली झेरॉक्सवाला, एवढंच पुरे.

माझी केस थोडक्यात. मी अॅप आणि वेबसाइट डिझाइन करते, स्वतःचं काम, नोकरी नाही. क्लायंट सगळे भारतातलेच, दोन पुण्याचे, एक मुंबईचा, एक पणजीचा. नवऱ्याला लिस्बनला रिसर्चची पोझिशन मिळाली, तो ऑगस्ट 2023 मध्ये गेला आणि मी मागाहून गेले. काम तेच, क्लायंट तेच, फक्त खिडकीबाहेर ट्राम. मला वाटलं पैसा भारतातून येतो, भारतात रिटर्न भरते, विषय संपला. घरी तर सगळ्यांना वाटत होतं की पोर्तुगालला गेली म्हणजे तिथला पासपोर्ट काढायलाच गेली, ते वेगळंच.

त्या वर्षीचं रिटर्न मी एका ऑनलाइन पोर्टलवरून भरलं (नाव नको). चॅटवरच्या एक्स्पर्टने तीन प्रश्न विचारले, पॅन, 26एएस (कापलेल्या टॅक्सचा सरकारी तक्ता), बँक अकाउंट, आणि वीस मिनिटांत आयटीआर 4 (छोट्या व्यावसायिकांचा सोपा रिटर्न फॉर्म) भरून मोकळा. मी सांगितलं होतं की मी आता लिस्बनला राहते. तो म्हणाला नो इश्यू मॅम. मग रिफंड काही येईना, सव्वा लाखाच्या आसपास रक्कम, वाट बघून बघून शेवटी डिसेंबर 2024 मध्ये सुट्टीवर आले तेव्हा मावशीने या ऑफिसात धाडलं.

आता रिव्ह्यू. मॅडम पन्नाशीच्या असतील, टेबलावर फायलींचा ढीग. मी लॅपटॉप उघडून इनव्हॉइस दाखवायला लागले तर म्हणाल्या, "ते नंतर गो, पासपोर्ट काढ." पासपोर्ट घेतला, पानं उलटत मुंबईचा एक्झिट स्टॅम्प शोधला, 30 सप्टेंबर 2023, आणि मग जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने बेरीज. एप्रिल 30, मे 31, जून 30, जुलै 31, ऑगस्ट 31, सप्टेंबर 30. एकूण 183. वर बघून म्हणाल्या, "एवढी घाई कशाला केलीस, की उशीर केलास, काय ते तूच सांग."

झालं काय होतं, त्या वर्षी चवथ 19 सप्टेंबरला होती, आमच्याकडे गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत असतो, म्हणजे 28 सप्टेंबर. आई म्हणाली विसर्जन करून जा, मी विसर्जन करून, एक दिवस घर आवरून निघाले. आर्थिक वर्षात 182 किंवा जास्त दिवस भारतात असाल तर तुम्ही रेसिडेंट. जाण्याचा दिवस मोजायचा की नाही यावर वाद आहे म्हणे, पण माझ्या बाबतीत तो सोडला तरी 182 होतातच. आणि भारतात अर्धं वर्ष रेसिडेंट, अर्धं एनआरआय असा प्रकार नाही, एकदा रेसिडेंट म्हणजे 1 एप्रिल ते 31 मार्च अख्खं वर्ष रेसिडेंट. पोर्तुगालमध्ये उलट, तिथे वर्ष जानेवारी ते डिसेंबर आणि तुम्ही आलात त्या दिवसापासून मोजतात. म्हणजे ऑक्टोबर ते मार्च मी दोन्हीकडची. मॅडमनी मग विचारलं, फोंड्याच्या घरातली तुझी खोली अजून तुझीच आहे का, का त्यात आता फ्रीज ठेवला? मला वाटलं गप्पा मारतायत. तो खरा प्रश्न निघाला, दोन्ही देश रेसिडेंट म्हणत असतील तर भारत-पोर्तुगाल टॅक्स करारात आधी बघतात की तुमचं कायमचं घर कुठे आहे, दोन्हीकडे असेल तर तुमचे घरचे-कामाचे संबंध कुठे जास्त घट्ट आहेत. (फ्रीज नाही, भावाचा ट्रेडमिल आहे.)

मी म्हटलं, 28 ला निघाले असते तर सुटले असते? तर म्हणाल्या तेही आपोआप नाही. गेली चार वर्षं इथेच राहिलेल्या माणसाला साधा नियम 60 दिवसांचा, 182 ची सवलत कामासाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला. "नोकरीसाठी" असा शब्द आहे तिथे, पण केरळ हायकोर्टाने 2011 मध्ये सांगितलंय की स्वतःचा धंदा-व्यवसायही त्यात धरायचा. तू नवऱ्याच्या मागून फॅमिली व्हिसावर गेलीस, तिथे जाऊन काम करते हे दाखवावं लागलं असतं. हे सगळं तोंडपाठ, आणि तेवढ्यात फोनवर कोणाला तरी जीएसटीची तारीख पण सांगितली.

मग आली खरी मजा. मॅडमनी पोर्टलवाल्याने भरलेलं रिटर्न उघडलं आणि कपाळाला हात लावला. दोन चुका. पहिली, मी रेसिडेंट आणि लिस्बनला बँक अकाउंट उघडलेलं, ते परदेशी मालमत्तेच्या शेड्यूलमध्ये दाखवायलाच हवं, आणि आयटीआर 4 मध्ये ते शेड्यूलच नाही. खात्यात होते नऊशे युरो. पण न दाखवण्याचा दंड ब्लॅक मनी कायद्यात 10 लाख आहे (आता 20 लाखांखालच्या अकाउंट-बिकाउंटला सूट दिलीय, पण मॅडम म्हणतात सूट आहे म्हणून लपवायचं नसतं). दुसरी चूक त्याहून भारी, आणि ती फक्त गोंयकाराला कळेल अशी. आयटीआर 3 मध्ये प्रश्न असतो, तुम्हाला पोर्तुगीज सिव्हिल कोड लागू आहे का. त्या एक्स्पर्टने तो फॉर्मच घेतला नव्हता, विचारायची तसदीही घेतली नव्हती. बहुतेक त्याला वाटलं असेल हा प्रश्न पोर्तुगालला राहणाऱ्यांसाठी आहे.

इन्कम टॅक्सचं कलम 5ए आहे. गोव्यात ज्यांना पोर्तुगीज सिव्हिल कोड लागतो त्या नवरा-बायकोची पगार सोडून बाकी कमाई दोघांत निम्मी-निम्मी धरतात, धंदा, भाडं, व्याज, सगळं. आमच्या घरी बाबांचं दुकान, तिथे हे लहानपणापासून ऐकलंय, पण माझ्या डिझाइनच्या पैशाला तेच लागू होईल हे कधी डोक्यातच आलं नाही. गंमत म्हणजे हा 1867 चा कोड खुद्द पोर्तुगालने 1967 मध्ये बदलून टाकला, मी तिथे राहते तिथे तो नाही, आणि फोंड्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे आम्ही दोनदा जाऊन सह्या केल्या म्हणून तो माझ्या मागे लिस्बनपर्यंत आला.

आता हिशोब बघा, मला तर तो बघून झोप आली नाही. त्या वर्षी माझी पावती, म्हणजे क्लायंटकडून आलेला एकूण पैसा, 16 लाख. रेसिडेंट व्यावसायिकाला कलम 44एडीए आहे, पावतीच्या निम्मा नफा धरायचा, म्हणजे 8 लाख. पोर्टलवाल्याने ते सगळे माझ्या नावावर धरून टॅक्स काढला 36,400. मॅडमनी 5ए लावून 4 लाख माझे, 4 लाख नवऱ्याचे केले. मी रेसिडेंट, 7 लाखांच्या आत, रिबेट (टॅक्समाफी) मिळून टॅक्स शून्य. नवरा ऑगस्टमध्ये गेलेला म्हणजे एनआरआय, त्याला रिबेट नाही, 3 लाखांवरच्या 1 लाखाला 5 टक्के आणि सेस, 5,200 रुपये. बास. क्लायंटनी कापलेला 1 लाख 60 हजारांचा टीडीएससुद्धा निम्मा त्याच्या रिटर्नमध्ये गेला. त्याचं रिटर्न उशिरा म्हणून 1,000 लेट फी. म्हणजे एकाच कमाईचे दोन मालक, एक रेसिडेंट, एक एनआरआय. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर म्हणतो, मी काय केलं?

रिव्हाइज्ड रिटर्न आयटीआर 3 मध्ये डिसेंबर संपायच्या आत गेलं. अडकलेला रिफंड फेब्रुवारीत दोघांचाही आला. आणि चवथीला राहिले म्हणून दोन दिवस हळहळले होते, त्यात उलट फायदाच झाला, कारण 44एडीए आणि रिबेट दोन्ही रेसिडेंटलाच.

त्याच्या पुढच्या वर्षापासून मात्र मी एनआरआय आणि तिथून डोकेदुखी सुरू. भारतीय कंपनी एनआरआयला टेक्निकल किंवा कन्सल्टन्सी सर्व्हिसचे पैसे देते तेव्हा काम कुठे बसून केलं याला अर्थ नाही, कमाई भारतातलीच धरतात. टीडीएस मग रेसिडेंटसाठीच्या कलम 194जे चा 10 टक्के नाही, एनआरआयसाठीच्या कलम 195 खाली 20 टक्के आणि वर सेस, 20.8. पोर्तुगालचं टॅक्स रेसिडन्सी सर्टिफिकेट आणि ऑनलाइन भरलेला फॉर्म 10एफ (कराराचा फायदा घेण्यासाठीचा) दिला तर कराराप्रमाणे 10. तुम्ही म्हणाल मग 10 ते 10, फरक काय. फरक हा की आधीचे 10 परत मिळायचे, हे मिळत नाहीत, पूर्ण पावतीवर कापून संपले, खर्च नाही, 44एडीए नाही. त्यांचं क्रेडिट पोर्तुगालच्या टॅक्समध्ये मागायचं. वरून क्लायंटला माझ्या बिलावर रिव्हर्स चार्जने (म्हणजे माझ्याऐवजी त्यानेच) जीएसटी भरावा लागतो, 15सीए-15सीबी हे एनआरआयला पैसे देतानाचे फॉर्म करावे लागतात. पुण्याच्या एका क्लायंटचा अकाउंटंट म्हणाला पॅन आहे ना, मग चालवू 194जे च, कशाला एवढं. मॅडमनी त्याला दोन पानांचं पत्र लिहून दिलं, कोणतं कलम, किती टक्के, कोणता फॉर्म, आणि तो सुतासारखा सरळ आला. दुसरा पुणेकर आला नाही, तो क्लायंट गेला. मॅडमनी हेही सांगितलं की पोर्तुगालच्या करारात सर्व्हिस देताना तुम्ही समोरच्याला ज्ञान-तंत्र देऊन टाकता का अशी अट आहे, डिझाइन करून देणं त्यात बसत नाही असं भांडता येईल आणि मग भारतात टॅक्सच नाही. "पण 16 लाखांसाठी भांडू नको," असंही वर. प्रामाणिक सल्ला वाटला, भांडण लावलं असतं तर फी त्यांचीच वाढली असती.

सेव्हिंग अकाउंटचं एनआरओ (एनआरआयचं भारतातलं खातं) करायला पण त्यांनीच पिटाळलं, मी ते वर्षभर तसंच वापरत होते, चालत नाही.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. मॅडमचे वडील दुपारी ऑफिसात येऊन बसतात, नव्वदीच्या जवळ, गोवा मुक्तीच्या आधी पोर्तुगीज शाळेत शिकलेले. माझ्या लिस्बनच्या पावत्या पोर्तुगीजमध्ये, मी मोबाइलवर ट्रान्सलेट करत होते, त्यांनी कागद मागून घेतला, भिंग लावलं आणि मोठ्याने वाचला. "रेसिबु व्हेर्द. हिरवी पावती. पण ही तर पांढरी!" स्वतंत्र काम करणारे तिथे ज्या पावत्या फाडतात त्यांना हेच नाव, आता सगळं ऑनलाइन असलं तरी.

तक्रारी. फी आधी सांगत नाहीत. पहिल्या बैठकीचे 1,000 कळले, पण सगळं मिळून 14,000 अधिक जीएसटी, 16,520, हे शेवटी. काम बघता स्वस्तच, पण आधी सांगा ना. व्हॉट्सॅपवर उत्तर द्यायला तीन-चार दिवस, आणि देतात ते व्हॉइस मेसेज, एक तर सहा मिनिटांचा, मागे प्रेशर कुकरची शिट्टी. पोर्तुगालची बाजू त्यांना येत नाही आणि ते पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगतात, तिथल्या सोशल सिक्युरिटीचं (पहिले 12 महिने माफ, मग कमाईच्या 70 टक्क्यांवर 21.4) मला लिस्बनमध्ये वेगळा माणूस शोधावा लागला. आणि जुलैत जाऊच नका, रिटर्नच्या गर्दीत तुमच्याकडे मान वर करून बघणार नाहीत. 1 एप्रिल 2026 पासून नवा इन्कम टॅक्स कायदा, कलमांचे नंबर बदललेत, मॅडम बोलताना अजून जुनेच नंबर सांगतात, तेव्हा लिहून घेताना विचारून घ्या.

जाताना पासपोर्ट न्या, जुना असेल तर तोही. लग्नाचा दाखला न्या, 5ए साठी बघतात. 1 ते 3 शटर अर्धं खाली असतं, आतून पंख्याचा आवाज येतो, हाक मारू नका, झोपलेले असतात. सकाळी साडेदहाला गेलात तर नंबर पहिला लागतो आणि खालचा झेरॉक्सवाला पण मोकळा असतो.