विद्यापीठाच्या लॅबची मोजमाप यंत्रणा: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

आमचं बेलापूरचं ऑफिस लहान, काम मुख्यतः जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटचं. स्वतःचा डेटा लॉगर (रीडिंग आपोआप नोंदवणारं यंत्र) परवडत नाही. म्हणून दिवाळीपासून नवी मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या लॅबकडून स्ट्रेन गेज (पृष्ठभागावर चिकटवून त्याचं ताणणं-दबणं, म्हणजे स्ट्रेन, मोजणारी पट्टी), एलव्हीडीटी (बारीक सरकणं मोजणारा सेन्सर), लोड सेल (भार मोजणारा सेन्सर) आणि लॉगर भाड्याने घेतोय. सोबत त्यांचे टेक्निशियन येतात. खरी किंमत त्या माणसाच्या हाताची आहे, हे आता ठामपणे सांगू शकतो.

काँक्रीटमधली सळई घासून, अ‍ॅसिटोनने पुसून गेज चिकटवला की ते त्यावर ओलावा रोखणारा लेप देतात आणि इन्सुलेशन तपासल्याशिवाय पुढे जात नाहीत. खाडीकाठच्या दमट हवेत हे गाळलं तर रीडिंग आपोआप सरकत राहतं. काँक्रीटवर ६० मिमीचा गेज लावतात, कारण खडी २० मिमीची असली तर आखूड गेज एखाद्या खड्याचाच स्ट्रेन दाखवेल.

वायरिंगबद्दल जरा सविस्तर सांगतो. १२० ओहमच्या गेजमध्ये १००० मायक्रोस्ट्रेनला (एक मायक्रोस्ट्रेन म्हणजे लांबीत दहा लाखांत एक भाग फरक) रेझिस्टन्स बदलतो जेमतेम ०.२४ ओहम. गेजपासून लॉगरपर्यंत ०.५ चौ. मिमीची तांब्याची वायर ३० मीटर नेली, तर जाऊन-येऊन तिचाच रेझिस्टन्स सुमारे २ ओहम होतो. ऊन चढून वायर ५ अंशांनी तापली की दोन वायरींच्या जोडणीत १६० च्या आसपास खोटे मायक्रोस्ट्रेन दिसतात. एवढ्या ताणात काँक्रीटला तडा जाऊ शकतो! लॅबवाले प्रत्येक क्वार्टर ब्रिज (एकाच गेजचं सर्किट) तीन वायरींनीच जोडतात, म्हणजे वायर तापल्याचा परिणाम जवळपास रद्द होतो, आणि लोड द्यायच्या आधी बराच वेळ नुसती शून्याची रीडिंग घेत बसतात. साइटवर सगळे घाई करतात. ते हलत नाहीत.

तुर्भ्याच्या एका गाळ्यात बीमची लोड टेस्ट केली. आयएस ४५६ (काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे पूर्ण डेड लोड (बांधकामाचं स्वतःचं वजन) आणि १.२५ पट लाइव्ह लोड (वापराचा भार) २४ तास ठेवायचा. झोलाची, म्हणजे बीम खाली वाकण्याची मर्यादा ४० × स्पॅनचा (मीटरमध्ये) वर्ग / खोली (मिमीमध्ये). ६ मीटर स्पॅन, ४५० मिमी खोली, म्हणजे ४०×३६/४५० = ३.२ मिमी. झोल याच्या आत राहिला तर रिकव्हरी (बीम परत वर येणं) बघावी लागत नाही, नाहीतर लाइव्ह लोड काढल्यावर २४ तासांत झोल ७५ टक्के तरी भरून यायला हवा. इतक्या बारीक आकड्यावर निकाल ठरत असताना एलव्हीडीटीचा स्टँड टेकूंच्या परांचीला बांधून चालत नाही. टेक्निशियननी तो जमिनीवर वेगळा उभा केला. झोल मर्यादेच्या बराच आत राहिला आणि मालकाचा मोठा खर्च वाचला.

तक्रारी आहेत. परीक्षांच्या काळात तारीख मिळत नाही, आणि साइटवर येणारा माणूस एकच. रिपोर्टमध्ये फक्त ग्राफ येतात. मूळ रीडिंग सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी आकड्यांची फाइल) हवी असतील तर बुकिंगच्या अर्जातच लिहा, नंतर फार पाठपुरावा करावा लागतो. लोड सेलचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट (अचूकता तपासल्याचा दाखला) टेस्टच्या आधी हातात घ्या, त्यावरची तारीख बघा. उघड्यावरचं काम असेल तर मे महिन्यापूर्वीच उरका. पावसात ते गेज चिकटवायला नकार देतात, आणि तो नकार योग्यच आहे.