नकली मूर्ती की नकली ताम्रपट?

‘पुराणवस्तूंच्या बनवेगिरीवर नाटक लिहायला घेतलंय. वाकाटकांचा, म्हणजे विदर्भातल्या जुन्या राजघराण्याचा काळ, थोडं रहस्य, थोडं प्रेम. पण नकली वस्तू कोणती ठेवू, मूर्ती की ताम्रपट?’ असं आमच्याकडच्या एका नव्या लेखकाने विचारलं. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांत, मी दोन्ही करून बसलोय, म्हणून सांगतो.

मूर्तीचा मोठा गुण म्हणजे ती दिसते. मंडपात पार मागे, रात्री दोन वाजता घोंगडं पांघरून बसलेल्या माणसालाही काही समजावून सांगावं लागत नाही. ती चोरता येते, तणसाच्या ढिगात लपवता येते. ताम्रपट म्हणजे लेख कोरलेला तांब्याचा पत्रा, तो मागून डब्याच्या झाकणासारखा दिसतो, हे कबूल.

माझं पहिलं नाटक मूर्तीवरच होतं. थर्माकोलची, वरून सिमेंटचा हात दिलेली. दुसऱ्या अंकात पुरातत्त्व खात्यातला नायक म्हणतो, ‘ही मूर्ती नकली आहे!’ आणि तिथेच नायिका त्याच्यावर भाळते, असं माझं कागदावरचं गणित. प्रयोगात मूर्ती मांडल्याबरोबर पुढच्या दोन आज्या उठून पाया पडून गेल्या. एकीने कुंकू लावलं. मग नायकाचं वाक्य आलं आणि मागून आवाज, ‘देवाले नकली मनते का जी? हाकला त्याले!’ पुढचं वाक्य द्यावं की थांबावं, हे प्रॉम्प्टरला कळेना. त्यानंतरचं प्रेमगीत शिट्ट्यांत बुडालं. देव विकणाऱ्याचा राग लोकांना येतोच, पण देव खोटा ठरवणाऱ्याचा जास्त येतो. पुढच्या प्रयोगाला देवाऐवजी यक्षी ठेवली. तिलाही कुंकू लागलं.

तुमच्या गावचे प्रेक्षक वेगळे असतील तर मूर्ती चालेलही. मी मात्र ताम्रपटाकडे वळलो.

त्याला कोणी हात जोडत नाही. तो काय, हेही एका वाक्यात सांगता येतं: त्या काळचा सातबारा. कोणतं गाव, कोणाला दान, कोणी दिलं. खोटा सातबारा म्हटलं की अख्खा मंडप कान टवकारतो! शिवाय कथा आयती मिळते. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता, नवरा गेल्यावर लहान मुलाच्या नावे राज्य चालवणारी. रिद्धपूरला सापडलेला तिचा ताम्रपट रामगिरीहून, म्हणजे आपल्या रामटेकहून दिलेला. माझी नायिका रामटेकच्या संस्कृत विद्यापीठातली, नायक तांबटाचा मुलगा. तिला अक्षर कळतं, त्याला धातू. एका पत्र्यावर दोन डोकी वाकली की वेगळा प्रेमप्रसंग लिहावा लागत नाही.

चूकही सोपी ठेवा. वाकाटकांच्या ताम्रपटांत राजाच्या राज्यवर्षाने काळ सांगतात. बनवणाऱ्याने हुशारी करून शक टाकला की सापडला. (कोणी वाशीमकडच्या हिस्से-बोराळ्याचं नाव काढेल. तिथे शक ३८० आहे खरा, पण तो शिलालेख.) डोक्यावर चौकोनी पेट्या असलेली ती लिपी वगैरे नाटकात नको, मी घातली होती, लोक बिड्या ओढायला उठले.

आणि मागच्या रांगेचं काय? नायक पत्र्यावर चिंच घासतो. हिरवा रंग एका हातात उतरतो, तांबं दिव्याखाली लखलखतं. बायका आधीच हसतात, त्यांना घरचा पाण्याचा तांब्याचा गुंड आठवतो. जुना थर धातूत मुरलेला असतो, तो असा झटकन निघत नाही, एवढं नायकाच्या तोंडी घाला. खऱ्या वस्तूवर चिंच लावायची नसते, हेही.

खर्च फार नाही. भंडाऱ्याहून पत्रा आणला, कडीत ओवला, मीठ-लिंबू लावून गोठ्यातल्या ओल्या शेणात पंधरा दिवस पुरला. कटकट एकच, दर प्रयोगात तो लख्ख होतो. मग एका हंगामाला तीन पत्रे लागतात, आणि एक कायम शेणात असतो.