‘पार्क फी समाविष्ट’ : मासाई मारातील आमच्या फसवणुकीची हकीकत

सांगलीतील एका सहकारी बँकेत बत्तीस वर्षे मी दुसऱ्यांची व्हाउचरे तपासली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या पैशांची पावती मात्र वेळेवर मागितली नाही, हे आधीच कबूल करून पुढचे लिहितो. ऑगस्ट २०२४ मध्ये मी, माझी पत्नी, मेहुणी आणि साडू असे चौघे केनियातील मासाई मारा पाहायला गेलो होतो. ज्याच्यामार्फत गेलो त्याचे नाव येथे देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. फसवणूक कोणत्या जागी झाली हे मात्र तपशिलाने सांगतो, कारण ती जागा घरी बसून कागद-पेन्सिल घेऊन शोधता आली असती.

साडूंच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींपैकी एकाचा भाचा आफ्रिकेच्या सहली काढतो, असे आम्हाला कळले. तरुण बोलायला अतिशय आर्जवी होता. पहिल्याच भेटीत मी ‘काका’ आणि पत्नी ‘काकू’ झाली, आणि मारा नदीत उड्या घेणाऱ्या विल्डबीस्टच्या (गाईएवढ्या मोठ्या हरणांच्या) कळपांची छायाचित्रे त्याने मोबाइलवर दाखवली. कार्यक्रम सहा रात्रींचा होता : पहिली नैरोबीत, पुढच्या चार मारात आणि शेवटची नैवाशा सरोवराकाठी. विमानभाडे सोडून माणशी १,५५,००० रुपये दर आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘पार्क फी समाविष्ट’. मुंबई-पुण्याच्या दोन आयोजकांनी जवळजवळ याच कार्यक्रमाला २,१०,००० रुपये सांगितले होते. ओळखीतला मुलगा आहे, कार्यालयाचे भाडे नाही, पगारी माणसे नाहीत, म्हणून त्याला परवडते, अशी आमची समजूत त्याने घातली नाही. ती आम्हीच घालून घेतली.

आता फाटकावरचा हिशेब पाहू. मासाई मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्राचा कारभार केनिया वन्यजीव सेवेकडे नसून नारोक काउंटीच्या सरकारकडे आहे आणि तेथील प्रवेशशुल्क जाहीर असते. २०२४ मध्ये परदेशी प्रौढ पर्यटकासाठी ते जानेवारी ते जून या काळात दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर या काळात दिवसाला २०० डॉलर होते. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढ्या बारा तासांचे असते, त्यामुळे आपण किती रात्री राहतो याला महत्त्व नसून किती दिवस आत जातो यावर रक्कम ठरते. आमच्या कार्यक्रमात पहिल्या दिवशी दुपारनंतरची फेरी आणि पुढचे तीन पूर्ण दिवस होते, म्हणजे माणशी ८०० डॉलर, त्या वेळच्या दराने सुमारे ६७,००० रुपये. ते १,५५,००० मधून वजा केले तर ८८,००० उरतात, आणि एवढ्यात सहा रात्रींचा मुक्काम, जेवण, छत उघडणारी लँड क्रूझर, डिझेल, चालक आणि आयोजकाचा नफा हे सगळे ऐन हंगामात बसवायचे होते. दुसऱ्या आयोजकांच्या आणि याच्या दरात ५५,००० रुपयांचा फरक होता, म्हणजे तीन दिवसांच्या फीहून थोडा जास्तच. हॉटेल स्वस्त मिळू शकते, गाडी जुनी मिळू शकते, पण फाटकावरचा दर ओळखीने कमी होत नाही. हे गणित मी परत आल्यावर केले.

खुणा आणखीही होत्या. चौघांचे ६,२०,००० रुपये आम्ही त्याच्या आईच्या बचत खात्यात दोन हप्त्यांत भरले. परदेशी सहलीचे पॅकेज विकणाऱ्याने ग्राहकाकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा करायचा कर, घेऊन तो सरकारजमा करायचा असतो. त्या वर्षी ७ लाखांपर्यंत तो ५ टक्के होता. “काका, तुमचा टीसीएस वाचवतो,” असे तो म्हणाला आणि मी, बँकेतला माणूस, खूश झालो. वास्तविक हा कर आपल्या पॅनवर जमा दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. त्यामुळे वाचले काहीच नाही, उलट त्याने आम्हाला सहल विकली याची सरकारदरबारी नोंद मात्र राहिली नाही. पीतज्वराची लस घ्यायला मुंबईला जावे लागेल म्हटल्यावर, “टोचून न घेताही कार्ड मिळते, मी करून देतो,” असेही त्याने सुचवले होते. आम्ही ते नाकारले आणि मुंबईला जाऊन लस घेतली, पण जो माणूस आरोग्याचा दाखला खोटा करून द्यायला तयार आहे तो प्रवेशाचे तिकीट खरे कशाला काढील, एवढा साधा प्रश्न चौघांपैकी एकालाही पडला नाही. केनियात येण्याच्या ऑनलाइन प्रवेश परवान्याचे तेव्हा ३० डॉलर होते आणि त्याने माणशी ६,५०० रुपये घेतले, हे या सगळ्यापुढे किरकोळ म्हणून सोडून देतो.

आमचा कॅम्प तालेक गावाजवळ, राखीव क्षेत्राच्या हद्दीबाहेर होता. तेवढ्यात गैर काही नाही, अनेक चांगले कॅम्प बाहेरच आहेत. पहिल्या दिवशी दुपारी चालकाने गाडी फाटकाकडे न नेता उलट दिशेला नेली आणि सांगितले की आज कन्झर्व्हन्सी, म्हणजे राखीव क्षेत्राबाहेरची प्राण्यांसाठी राखलेली खासगी जमीन, पाहू, तेथे गर्दी कमी असते. झेब्रे दिसले, जिराफ दिसले, इंपाला दिसली, आणि त्यांच्यामधून गळ्यात घंटा बांधलेल्या गाई आणि शेरडांचे कळपही जात होते. लाल शुका (मासाईंची चादर) पांघरलेल्या गुराखी पोरांना आम्ही हात केले. पत्नी म्हणाली की माणसे आणि जनावरे किती एकोप्याने राहतात. मीही मान डोलावली.

कन्झर्व्हन्सी ही खरी आणि फार मोलाची व्यवस्था आहे, म्हणूनच तिच्या नावाने झालेली लबाडी मला जास्त लागली. माराच्या उत्तरेला आणि पूर्वेला मासाई कुटुंबांच्या मालकीच्या जमिनी आहेत. शेजारच्या जमिनी एकत्र करून मालक त्या पर्यटन कॅम्पांना भाडेपट्ट्याने देतात, कॅम्प दरमहा भाडे देतात आणि त्या बदल्यात तेथे कुंपण घातले जात नाही, शेती होत नाही आणि चराई ठरवून केली जाते. २०१० मध्ये सुरू झालेल्या नाबोइशो कन्झर्व्हन्सीत असे सुमारे ५०० जमीनमालक आहेत. मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी याही तशाच. गाड्यांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी तेथे साधारणतः सदस्य कॅम्पांत उतरलेल्या पाहुण्यांनाच फिरता येते. रस्त्याकडेच्या स्वस्त कॅम्पातून कोणी तुम्हाला ‘आज कन्झर्व्हन्सी’ म्हणून नेत असेल, तर बहुधा तुम्ही गावाच्या गायरानात फिरत आहात. आम्ही तेच करत होतो.

दुसऱ्या दिवशी मात्र खरोखरच आत गेलो. तिकिटाच्या खिडकीकडे चालक एकटा गेला, आम्ही गाडीत चहा पीत बसलो. त्या दिवशी सिंहांचा मोठा कळप पाहिला, एका उंच वारुळावर बसलेली चित्तीण पाहिली, आणि संध्याकाळी कोणाच्याही मनात शंका नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ‘कन्झर्व्हन्सी’ निघाली, आणि या वेळी कॅम्पवर आलेल्या नैरोबीच्या उपएजंटाने प्रत्येकी १०० डॉलर रोख ‘संवर्धन योगदान’ मागितले. सांगलीला फोन लावला तर तिकडून उत्तर आले, “काका, ते प्राण्यांसाठी असते, देऊन टाका.” प्राण्यांसाठी म्हटल्यावर घासाघीस करणे आम्हाला बरे वाटले नाही. गेंड्याचे चित्र छापलेली पावती मिळाली. तिच्यावर ना क्रमांक होता, ना कन्झर्व्हन्सीचे नाव.

चौथ्या दिवशी आम्ही मारा नदीच्या काठी होतो. पलीकडच्या तीरावर हजारो विल्डबीस्ट गोळा झाले होते, धूळ उडत होती, पुढचे पाण्यापर्यंत येऊन मागे सरत होते, आणि इकडे चाळीसेक गाड्या श्वास रोखून उभ्या होत्या. तेवढ्यात रेंजरची गाडी तिकिटे तपासत आमच्यापर्यंत आली. चालकाने मोबाइलवरचे तिकीट दाखवले. रेंजरने ते वाचले, आमच्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले की केनियाचे ओळखपत्र कोणाकडे आहे का. आमचे तिकीट पूर्व आफ्रिकेच्या नागरिकांसाठी असलेल्या सवलतीच्या दराने काढलेले होते. भारतीय वंशाची हजारो कुटुंबे केनियात पिढ्यान्‌पिढ्या राहतात, २०१७ मध्ये सरकारने त्या समाजाला देशातील ४४वी जमात म्हणून मान्यताही दिली आहे, त्यामुळे आमचे चेहरे नैरोबीच्या कोणत्याही शहा-पटेलांच्या रांगेत खपून गेले असते. लबाडी करणाऱ्याने नेमका याच गोष्टीचा हिशेब केला होता.

रेंजरने आवाज चढवला नाही, की आमचा अपमान केला नाही. आपल्या गाडीमागून आम्हाला तालेक फाटकापर्यंत आणले, पारपत्रे पाहिली आणि त्या दिवसाचे पूर्ण शुल्क भरायला सांगितले. चौघांचे ८०० डॉलर मी माझ्या कार्डाने भरले. चालकावरच्या कारवाईचा प्रकार वेगळा चालला. तेथे चार तास गेले, आणि आमच्या पाठीमागे तो कळप नदीत उतरला की नाही हे मला आजही माहीत नाही. चालकाने शेवटी खाली मान घालून सांगितले की दुसऱ्या दिवसाचे तिकीटही तसलेच होते, तिकिटे मालक मोबाइलवर पाठवतो, आणि त्याची स्वतःची निम्मी मजुरी अजून बाकी आहे. त्याच्यावर मी राग धरू शकलो नाही.

म्हणजे चार दिवसांचे ३,२०० डॉलर आमच्याकडून घेतले गेले असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात फाटकावर पोहोचले ते दोन दिवसांचे सवलतीचे शुल्क आणि मी कार्डाने भरलेले ८०० डॉलर. बाकीचा पैसा आमचा गेला, हे खरेच, पण तो ज्यांना मिळायचा होता त्यांचाही गेला. माराच्या पश्चिमेकडील मारा ट्रँगल या भागाची व्यवस्था २००१ पासून मारा कन्झर्व्हन्सी ही संस्था पाहते, आणि तेथील रेंजरांचे पगार, रस्ते, शिकाऱ्यांनी लावलेले फासे काढणाऱ्या पथकांचा खर्च हा मुख्यतः फाटकावरच्या शुल्कातूनच निघतो. हद्दीबाहेरच्या जमिनीचे तर त्याहून सरळ आहे. भाडे मिळाले नाही की मालक कुंपण घालतो किंवा जमीन विकतो. माराच्या आसपास तारांची कुंपणे वाढत गेली आहेत, आणि शेजारच्या लोइटा मैदानांवरून येणारे विल्डबीस्टचे छोटे स्थलांतर पूर्वीच्या मानाने फारच आटले आहे. गेंड्याचे चित्र छापून घेतलेले आमचे ४०० डॉलर या साखळीत कोठेच नव्हते. परिसरातील ज्या कन्झर्व्हन्सींचे पत्ते मला मिळाले त्यांना मी त्या पावतीची प्रत पाठवली. दोघांची उत्तरे आली. दोघांनीही लिहिले की पावती त्यांची नाही, आणि त्यांच्याकडे ही रक्कम कॅम्पच्या बिलातच धरलेली असते, गाडीपाशी रोख कोणी घेत नाही.

परतल्यावर सांगलीचा तो तरुण म्हणाला की चूक नैरोबीच्या एजंटाची आहे. नैरोबीचा एजंट म्हणाला की सांगलीहून त्याला पार्क फीचे पैसेच आले नव्हते. मला दुसऱ्याचे म्हणणे जास्त पटते. केनियात सहल आयोजकांना पर्यटन नियामक प्राधिकरणाचा परवाना लागतो आणि आयोजकांच्या संघटनेची सदस्ययादी कोणालाही पाहता येते. यातले काहीही निघण्याआधी विचारता आले असते. फीची रक्कम कोटेशनमध्ये दिवसागणिक वेगळी लिहून द्या, किंवा ती आम्हीच कार्डाने भरतो, एवढे एक वाक्य म्हटले असते, तरी हा व्यवहार तेथेच मोडला असता. आणि रोज सकाळी खिडकीपाशी स्वतः उतरून तिकिटावर कोणता वर्ग लिहिला आहे ते पाहायला दोन मिनिटे पुरतात.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून आम्ही ती सांगलीत दाखल केली. पुराव्यात बँकेची नोंद, ‘पार्क फी समाविष्ट’ लिहिलेला कागद, फाटकावरची कार्डाची पावती आणि त्या नागरिक दराच्या तिकिटाचा फोटो आहे. तो रेंजरने परवानगी दिली म्हणून साडूंनी काढून ठेवला होता. पहिल्या तारखेला समोरचा हजर राहिला नाही. आईच्या नावाने पाठवलेली नोटीस मात्र त्यांनी स्वतः सही करून घेतली आहे.